सुगीला सुगीच राहू द्या

ऑक्टोबर लागला की वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी गावांत लोक पहिल्या पावसाची वाट बघतात. उन्हाळाभर ऑलिव्हच्या फळांवर बसलेली धूळ त्या पावसानं धुऊन निघाली की तोडणीला लागायचं, ही जुनी रीत. मग सगळं घर रानात जातं. शाळकरी पोरं, शहरातून रजा काढून आलेला मुलगा, सासरहून आलेली लेक, काठी टेकत आलेले आजोबा. झाडाखाली ताडपत्र्या आणि जुन्या चादरी अंथरायच्या, खालच्या फांद्यांची फळं हातानं ओरपायची, वरच्यांसाठी शिडी लावायची. मधल्या वेळी तिथंच तीन दगडांवर काळा गोड चहा उकळतो, त्यात ‘मेरमिया’ची सुवासिक पानं. ज्यांच्या घरात माणसं कमी, त्यांच्या झाडांना शेजारी हात लावतात. या मदतीला तिथं ‘औने’ म्हणतात. आपल्याकडे सावड आहे, इर्जिक आहे. सावडीनं काढणी होताना ज्यानं पाहिली असेल, त्याला ‘औने’ समजावून सांगावी लागत नाही.

वेस्ट बँक आणि गाझामधली ८० हजार ते एक लाख कुटुंबं कमीअधिक प्रमाणात या झाडांवर अवलंबून आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत सांगितलं जातं. हे झाड एका वर्षाआड भरघोस येतं. म्हणून चांगल्या सालाचं तेल पत्र्याच्या डब्यांत पुढच्या सालासाठी राखून ठेवायचं, मुलाचं लग्न किंवा मुलीची फी त्या हिशेबानं बसवायची, हे तिथल्या प्रत्येक शेतकरी बाईला ठाऊक असतं.

अशा या कामाला जगभरातले पॅलेस्टिनींचे मित्र गेली कित्येक वर्षं एकच नाव देत आले आहेत: प्रतिकार. ऑलिव्ह तोडणं हा प्रतिकार, दबके नाचणं हा प्रतिकार, भरतकाम हा प्रतिकार, मुलांना शाळेत पाठवणं हाही प्रतिकार. हे लिहिणाऱ्यांचं मन स्वच्छ असतं. मीही अनेकदा असंच बोललो आहे. आता मात्र मला वाटतं, की या शब्दानं आपण त्या माणसांवर प्रेमापोटी एक अन्याय करत आलो आहोत.

आपल्या बातम्यांत पॅलेस्टिनी माणसाला एरवी दोनच जागा मिळतात. एक तर तो ढिगाऱ्याखालचा मृतदेह असतो किंवा तोंडाला फडकं बांधलेला बंदूकधारी. आपण सहानुभूतीनं तिसरी जागा काढली, वीराची. पण सकाळी उठून पावाला झातरचा मसाला लावून खाणारा, मुलाच्या गणिताच्या मार्कांवरून चिडणारा, बायकोशी पाण्याच्या टाकीवरून वाद घालणारा माणूस या तिन्ही जागांत मावत नाही. ‘तौजिही’ ही तिथली बारावी. तिच्या निकालाच्या दिवशी गल्लोगल्ली फटाके वाजतात, मिठाई वाटली जाते, आणि एखाद्या घरात दार लावून रडणं चालतं. आपल्याला हा दिवस किती आतून समजतो! तरी त्या मुलांना परीक्षार्थी म्हणून पाहणं आपल्याला जमत नाही.

मुंबईकरांना हे वेगळ्या वाटेनं ठाऊक आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस, पुढच्या वर्षी ११ जुलैचे लोकलमधले बॉम्बस्फोट. दोन्ही वेळा लोक लगेचच पुन्हा कामावर गेले आणि टीव्हीवर ‘मुंबई स्पिरिट’चं कौतुक सुरू झालं. सुरुवातीला ते बरं वाटलं. मग हळूहळू लोक चिडले. रोजगार बुडेल म्हणून चिखलातून निघालेल्या माणसाला तुम्ही शूर म्हणता आणि नाल्याचं, सुरक्षेचं, उत्तरदायित्वाचं बोलणं बंद होतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दोन्हींकडच्या दुःखाचं माप एक नाही. कौतुकाची रीत मात्र एकच आहे: माणसाच्या चिवटपणाची आरती ओवाळायची, म्हणजे त्याला चिवट व्हायला कुणी भाग पाडलं हे विचारायला नको.

म्हणून आधी तेच विचारू. ऑलिव्हची तोडणी राजकीय कुणी केली? शेतकऱ्यानं तर नाही. २००२ पासून इस्रायलनं जी भिंत आणि कुंपण बांधलं, त्याच्या आखलेल्या मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग वेस्ट बँकेच्या आत आहे. हा आत शिरलेला मार्ग आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे, असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २००४ मध्ये दिलं. कुंपण तिथंच राहिलं. आज कितीतरी गावांचं घर कुंपणाच्या एका बाजूला आणि झाडं दुसऱ्या बाजूला आहेत. स्वतःच्या रानात जायला लष्कराचा परवाना लागतो, आणि कुंपणातली बरीचशी दारं सुगीच्या मोजक्या दिवसांत, ठरलेल्या वेळीच उघडायची. शेती केलेल्या कुणालाही यातली मेख लगेच कळेल. नांगरणी, छाटणी, तण काढणं ही कामं सुगीच्या आधी महिनोन्‌महिने करायची असतात. दार फक्त तोडणीला उघडलं तर झाड हळूहळू रानटी होतं आणि फळ कमी देतं. ऑक्टोबर २०२३ नंतर ही दारं बहुतेक बंदच राहिली. त्या साली आणि नंतरही वेस्ट बँकेत वसलेल्या इस्रायली वसाहतवाल्यांच्या हल्ल्यांमुळे शेकडो कुटुंबांनी पिकलेली झाडं तशीच सोडली. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तोडलेल्या आणि जाळलेल्या झाडांची दरवर्षी नोंद करतात.

झातरचंही तसंच. डोंगरउतारावर उगवणारी ही ओव्याच्या वासाच्या जवळ जाणारी वनस्पती. पानं वाळवून त्यात तीळ, आंबट सुमाक आणि मीठ घातलं की पॅलेस्टिनी न्याहारी तयार. एका वाटीत तेल, एका वाटीत झातर, पावाचा तुकडा आधी यात आणि मग त्यात बुडवायचा. १९७७ मध्ये इस्रायलनं जंगली झातर संरक्षित वनस्पतींच्या यादीत घातलं आणि ते खुडणं गुन्हा ठरलं. कारण सांगितलं गेलं अतितोडीचं. २००५ मध्ये त्याच यादीत अक्कूब आलं. ही वसंतातली काटेरी रानभाजी, जिचे काटे काढत बायका तासन्‌तास अंगणात बसतात. पुढं जवळ पिशवी सापडली म्हणून दंड झाले, लोकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. २०१९ नंतर घरापुरतं खुडण्याबाबत धोरण थोडं सैल झालं. वनस्पती वाचवणं हा उद्देश वाईट नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या मूळ न उपटता वरचं खुडणाऱ्या बाईला एकदाही न विचारता केलेला नियम तिला चोर ठरवतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही आदिवासी पाड्यात ओळखीचं आहे. टाकळा किंवा करटोली खुडायला गेलेल्या बाईच्या टोपलीत फॉरेस्ट गार्डनं हात घातला, तर ती बाई आंदोलक होत नाही. तिला भाजी करायची असते.

तिथल्या रोजच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात, ‘सालिक’ आणि ‘अझमे’. सालिक म्हणजे रस्ता मोकळा, अझमे म्हणजे कोंडी. सकाळी घराबाहेर पडण्याआधी लोक फोनवरच्या गटात बघतात, कुठला लष्करी नाका सालिक आणि कुठं अझमे. बेथलेहेमहून रामल्लाला जायचं तर जवळची वाट जेरुसलेममधून जाते. ती परवान्याशिवाय बंद, म्हणून पिवळ्या व्हॅन वादी नारच्या चढउतारानं वळसा घालतात. नाव वादी नार, म्हणजे आगीची दरी. अर्ध्या तासाच्या प्रवासाला कधी दीड तास, कधी तीन, कधी परत घरी. दवाखान्याची वेळ, कॉलेजचं लेक्चर, पाहुण्यांचं जेवण, सगळं ‘जमलं तर’ या अटीवर. आयुष्याचे किती तास यात गेले याचा हिशेब कुणी मागत नाही, कारण थांबून राहण्यात रक्त सांडत नाही आणि म्हणून बातमी होत नाही.

आणि लग्न! मुलीला मागणी घालायला मुलाकडची वडीलधारी मंडळी जातात, त्याला ‘जाहा’ म्हणतात. समोर कॉफी येते. प्रमुख पाहुणा पेला उचलत नाही. ‘आमचं मागणं मान्य करा, मग पितो,’ असं म्हणतो. मुलीकडच्यांनी होकार दिला की सगळे एकदम कॉफी पितात. इतकी सुंदर रीत, आणि त्याच बैठकीत आता आणखी एक प्रश्न असतो: मुलाचं ओळखपत्र कुठलं? जेरुसलेमवाल्यांचं निळं, वेस्ट बँकवाल्यांचं हिरवं. हिरव्याला जेरुसलेममध्ये निळ्याबरोबर राहायला मिळेल याची खात्री नाही. २००३ च्या इस्रायली कायद्यानं तो रस्ता जवळपास बंद केला आणि २०२२ मध्ये तशीच बंदी पुन्हा मंजूर झाली. निळ्यानं जेरुसलेम सोडलं तर ‘जीवनाचं केंद्र’ तिथं नाही म्हणून त्याचा रहिवासाचा हक्क जाऊ शकतो. त्यामुळे अशी जोडपी कफ्र अकब नावाच्या वस्तीत दाटीनं राहतात. ही वस्ती जेरुसलेम महापालिकेच्या हद्दीत, पण भिंतीच्या पलीकडे आहे. कर जेरुसलेमला आणि रस्ते, कचरा, पाणी मात्र वाऱ्यावर. तिथं घर घेणाऱ्या नव्या नवरानवरीला मी लढवय्ये म्हणणार नाही. त्यांना संसार करायचा आहे, आणि तो एका खिडकीत शिक्का मारणाऱ्या माणसावर अडलाय.

‘तत्रीझ’बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण प्रश्नाची दुसरी बाजू तिथं दिसते. तत्रीझ म्हणजे उलट्यासुलट्या टाक्यांचं, फुलीचं भरतकाम. १९४८ पूर्वी गावागावाचा थोब, म्हणजे बायकांचा पायघोळ झगा, वेगळा असे. रामल्लाचा पांढऱ्या कापडावर लाल, बेथलेहेमचा सोनेरी-रुपेरी दोऱ्याच्या कशिद्याचा. नक्ष्यांना नावं होती: सरूचं झाड, पाशाचा तंबू, बेथलेहेमचा चंद्र. छातीवरचा तुकडा पाहून बाई कुठल्या भागातली ते ओळखू येई. मुली आपल्या लग्नाचे कपडे वर्षानुवर्षं स्वतः भरत. १९३० च्या दशकात युरोपीय दोऱ्यांबरोबर नमुन्यांच्या छापील पुस्तिका आल्या आणि गुलाबाची फुलं, पक्षी थोबावर उतरले. म्हणजे ही कला बंदिस्त नव्हती, कुठल्याही जिवंत कलेसारखी ती इकडून तिकडून उचलत होती.

१९४८ मध्ये सात लाखांहून अधिक माणसं घरादाराला मुकली, ज्याला ते ‘नकबा’ म्हणतात, मोठी आपत्ती. निर्वासितांच्या छावण्यांत दहा गावच्या बायका एका रांगेत पाण्याला उभ्या राहिल्या आणि नक्ष्या एकमेकींत मिसळल्या. मज्दल नावाचं विणकरांचं गाव होतं. तिथल्या हातमागांवर गुलाबी आणि हिरव्या काठांचं कापड निघे, त्यातल्या एका प्रकाराचं नाव ‘जन्ने व नार’, स्वर्ग आणि आग. ते गाव १९५० पर्यंत रिकामं केलं गेलं. आज तिथं अश्केलॉन शहर आहे. विणकर गाझामध्ये गेले आणि तिथं पुन्हा माग लावले. मग पहिल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावात, १९८७ नंतर, झेंडा फडकवायला बंदी होती तेव्हा बायकांनी झेंड्याचे रंग, देशाचा नकाशा थोबावरच भरला. आज हे थोब संग्रहालयांत आहेत आणि युनेस्कोनं २०२१ मध्ये तत्रीझला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

या बायकांबद्दल मला अपार आदर आहे. तरीही वाटतं, की सरूच्या झाडाच्या जागी नकाशा आला तेव्हा काहीतरी हिरावलं गेलं. आजीनं सरू भरला, कारण तिला तो देखणा वाटला. नातीला नकाशा भरावा लागला, कारण ‘असे लोक नाहीतच’ असं जगाला सांगितलं जात होतं. ज्याचं अस्तित्वच नाकारलं जातं त्याला आपली प्रत्येक गोष्ट पुरावा म्हणून मांडावी लागते. फलाफल पुरावा, १९४८ ला सुटलेल्या घराच्या दाराची किल्ली पुरावा, आजीचा झगा पुरावा. ज्या घरात प्रत्येक वस्तू कोर्टात हजर करायची असते, त्या घरात नवं काही सहज सुचणं किती अवघड होत असेल.

इथं एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. इस्रायलच्या लोद आणि रामला या शहरांत मराठी बोलणारी घरं आहेत. (हे रामला वेगळं, वेस्ट बँकेतलं रामल्ला वेगळं.) कोकणातून गेलेले बेने इस्रायल, अलिबाग-पेण भागात ज्यांना शनवार तेली म्हणत, कारण घाण्यावर तेल काढायचा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. ते तिथं गेले, तेव्हा त्यांचं सगळं सुरळीत झालं नाही. त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली गेली, विवाहांना अडथळे आले, १९६० च्या दशकात त्यांना त्याविरुद्ध आंदोलन करावं लागलं. तरी त्यांच्या घरी पोहे, खोबरं, गूळ घालून मलिदा होत राहिला. आपल्याला त्याचं कौतुक वाटतं आणि ते कौतुक साधं असतं: आपल्या माणसांनी आपली चव सोडली नाही. त्या मलिद्याला कुणी लढ्याचं नाव देत नाही.

पण ज्या लोद-रामल्यात ही मराठी चूल पेटली, तिथून जुलै १९४८ च्या काही दिवसांत ५० ते ७० हजार पॅलेस्टिनींना हाकलून लावलं होतं. त्या उन्हात पायी निघालेल्यांच्या नातवंडांच्या घरीही आजीच्या हातचा मकलूबा होतो. वांगी, भात, मांस थरांनी शिजवून पातेलं परातीत उपडं करायचं आणि सगळ्यांनी श्वास रोखून बघायचं, की डोंगर सुबक उभा राहतो की ढासळतो. मलिद्याकडे आपण ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं या परातीकडे बघता यायला हवं. बेने इस्रायलांबद्दलच्या मायेला यात काही बाधा येत नाही. कुणाची चूल कुणामुळे विझली हे ठाऊक असूनही दोन्ही चुलींची माया धरता येते, आणि मराठी माणसाला ती धरायला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कारण आहे.

आता गाझा. तिथलं जेवण बाकीच्या पॅलेस्टिनी जेवणाहून तिखट. हिरवी मिरची आणि शेपू मातीच्या खोल वाडग्यात लाकडी बत्त्यानं ठेचतात, त्यात टोमॅटो, लिंबू, तेल. मिरचीच्या ठेच्यावर वाढलेल्या आपल्याला ते पहिल्या घासात आपलं वाटावं. ईदला सुमाक घालून ‘सुमागिये’ शिजते आणि वाट्या भरभरून शेजारी जाते. ऑक्टोबर २०२३ च्या आधीही तिथली वीज दिवसातून काही तासांचीच होती. बायका वीज येण्याच्या वेळेला उठून कपडे धुवायच्या, रात्री अडीच असोत की पहाटे चार. कोळ्यांना १९९० च्या दशकातल्या इस्रायल-पॅलेस्टिनी ओस्लो करारानं २० सागरी मैल कबूल केले होते, प्रत्यक्षात हद्द कधी सहा, कधी तीन. हे सगळं ‘शांतते’च्या काळातलं.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. ते क्रौर्य होतं आणि त्याला दुसरं नाव नाही. त्यानंतर गाझात जे झालं त्यात तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार ६० हजारांहून अधिक माणसं मेली. जुनी उमरी मशीद पडली, विद्यापीठं पडली. २०२४ मध्ये गाझातली मुलं तौजिहीला बसूच शकली नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचं अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मोजणीनं अधिकृतपणे सांगितलं.

त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. खुब्बेझा नावाची पालेभाजी पावसाळ्यानंतर तिथं कुठंही उगवते. कांदा, ऑलिव्ह तेल, वर लिंबू, अशी ती घरोघरी व्हायची. २०२४ च्या सुरुवातीला उत्तर गाझात पीठ संपलं, लोक जनावरांचं खाद्य दळून भाकरी करू लागले, तेव्हा हीच खुब्बेझा नुसत्या पाण्यात उकळून कुटुंबं जगली. त्याच काळात तंबूत स्वयंपाक करणाऱ्या गाझावासीयांचे व्हिडिओ जगभर फिरले. खाली प्रतिक्रिया: किती जिद्द, किती कल्पकता! मला त्या प्रतिक्रिया वाचवेनात. डब्यातल्या मटारात पाणी घालून पाच लेकरांना वाढणारी बाई कल्पक नाही, ती उपाशी आहे. तिच्या जिद्दीवर खूश होऊन आपण फोन खाली ठेवला, तर पीठ कुणी अडवलं हा प्रश्न तिच्या तंबूतच राहतो.

माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. ‘सुमूद’ हा शब्द पॅलेस्टिनींचाच आहे. पाय रोवून राहणं, जमीन न सोडणं. तो त्यांच्या पोस्टरवर आहे, अंगाईतही असेल. तो त्यांनी वापरू नये असं सांगणारा मी कोण? कुणीच नाही. पण ज्यानं पाय रोवले आहेत त्यानं स्वतःबद्दल काढलेला शब्द आणि लांब बसून बघणाऱ्यानं त्याला चिकटवलेला शब्द यांत फरक आहे. आजारी माणूस ‘मी लढतोय’ म्हणाला तर त्याला बळ मिळतं. आपण रोज त्याला ‘तू लढवय्या’ म्हणू लागलो, तर त्याला एक दिवस थकल्याचं सांगायचीही चोरी होते. पॅलेस्टिनी माणसाला थकण्याची, गाव सोडून परदेशी नोकरी करण्याची, राजकारणाचा कंटाळा येण्याची मोकळीक आपल्या कौतुकात नाही.

मग मागणी काय करायची? भारतानं १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली आहे, त्याचा उल्लेख आपले मंत्री अजून करतात. मान्यतेला अर्थ द्यायचा तर कुंपणाचं दार वर्षभर उघडं हवं, कोळ्याला कबूल केलेले वीस मैल हवेत, निळ्या-हिरव्या ओळखपत्रांच्या जोडप्याला एका छताखाली झोपता यायला हवं, इतक्या बारीक आणि मोजता येणाऱ्या गोष्टी बोलायला हव्यात. ऑक्टोबर २०२३ नंतर वेस्ट बँकेतल्या सुमारे दीड लाख मजुरांचे इस्रायलमधल्या कामाचे परवाने बंद झाले. त्यांच्या जागी बांधकामावर भारतीय मजूर नेले गेले आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातही त्यासाठी भरती झाली. पोटासाठी गेलेल्या आपल्या गवंड्याला मी दोष देणार नाही. पण ज्याच्या हातातली थापी त्याच्या हाती आली, तो हेब्रॉनजवळच्या गावातला गवंडी आता मुलांची फी कशी भरतो, एवढं तरी आपल्या वर्तमानपत्रांनी विचारायला हवं होतं. मी शोधलं, मला एकही बातमी मिळाली नाही.

तोडणी संपली की पोती घाण्यावर जातात. घाणा आता विजेवर चालतो. रात्री उशिरापर्यंत रांग असते. पोत्यांवर बसून माणसं एकमेकांना एकच विचारत असतात, यंदा उतारा काय पडतोय? चार-पाच किलोला किलोभर तेल निघालं तर चेहरे उजळतात. कुणी घरून आणलेली रोटी भट्टीच्या कडेला गरम करतं, नळीतून पडणाऱ्या हिरव्या तेलाखाली धरतं आणि शेजारच्याला अर्धी देतं. तेल इतकं ताजं असतं, की घशाला ठसका लागतो. कोपऱ्यात एक पोरगा जांभया देत बापाला विचारतो, अजून किती वेळ?